सापडेल असा अभ्यास



अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र शिकवणाऱ्यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षाने वर्षभराच्या आर्थिक घडामोडींचा आढावा घ्यावा, असा आपला प्रघात आहे. आज मी तो बाजूला ठेवतो. आधी झालेले अभ्यास आपण कसे शोधतो आणि आपले अभ्यास इतरांना कसे सापडतील, याबद्दल मला बोलायचं आहे. प्रबंधात या कामाला एक परिच्छेदही मिळत नाही. तरी माझ्या मते संशोधनाचा पाया इथेच पक्का होतो किंवा कच्चा राहतो.

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर आज राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या कितीतरी फेऱ्या एका जागी मिळतात. जागतिक बँकेचं मायक्रोडेटा ग्रंथालय आहे, मिशिगन विद्यापीठात 1962 साली सुरू झालेलं आयसीपीएसआर हे डेटाभांडार आहे. तालुक्याच्या गावी बसलेल्या विद्यार्थ्याला पूर्वी दिल्लीला जाऊनही जे मिळालं नसतं, ते आता मोबाईलवर दिसतं. ही फार मोठी गोष्ट आहे. पण डोळ्यांसमोर असणं आणि सापडणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर मी माझ्या विद्यार्थ्यांच्या कामात रोज पाहतो.

पालघरमधल्या कुपोषणाचं उदाहरण घेऊ. एक विद्यार्थिनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे जिल्हावार आकडे पाहायला बसते. 2019-21 च्या पाचव्या फेरीत तिला पालघर मिळतं. 2015-16 च्या चौथ्या फेरीत राज्य निवडलं, जिल्ह्यांची यादी उघडली, तर तिथे पालघर नाही. ती वहीत लिहून ठेवते : ‘आधीची माहिती उपलब्ध नाही.’ माहिती उपलब्ध आहे, पण ती ठाण्याच्या नावाखाली आहे. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला आणि चौथ्या फेरीने 2011 च्या जनगणनेतले 640 जिल्हे धरले होते. जव्हार आणि मोखाड्याची मुलं त्या आकड्यात कल्याण-डोंबिवलीच्या मुलांबरोबर मोजली गेली आहेत.

याच्या पुढचा धोका मोठा आहे. दोन्ही फेऱ्यांना ‘ठाणे’ हाच फिल्टर लावणाऱ्याला दोन्हीकडे आकडा मिळतो, म्हणून त्याला शंकाही येत नाही. पण पहिलं ठाणे आणि दुसरं ठाणे हे दोन वेगळे प्रदेश आहेत. आदिवासी तालुके जिल्ह्यातून बाहेर गेले की जिल्ह्याची सरासरी कागदावर आपोआप बदलते. हा बदल ‘सुधारणा’ म्हणून एखाद्या शोधनिबंधात, तिथून वर्तमानपत्रात आणि तिथून धोरणात गेला, तर त्याची किंमत कोण मोजणार? म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो, जिल्ह्याचं नाव टाकण्याआधी तो जिल्हा कधी झाला ते पाहा. सिंधुदुर्ग आणि जालना 1981 चे, गडचिरोली 1982 चा, वाशिम आणि नंदुरबार 1998 चे, हिंगोली आणि गोंदिया 1999 चे. ही यादी टेबलासमोर चिकटवून ठेवावी.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची गत याहून वेगळी. त्याच्या प्रदेशांच्या यादीत ‘मराठवाडा’ किंवा ‘विदर्भ’ शोधून मिळणार नाही. तिथे महाराष्ट्राचे सहा विभाग आहेत. मराठवाड्याचे जिल्हे ‘इनलँड सेंट्रल’मध्ये आणि विदर्भाचे ‘इनलँड ईस्टर्न’ व ‘ईस्टर्न’ अशा दोन विभागांत. शोधाच्या चौकटीत शून्य आलं म्हणून अभ्यास नाही, असा निष्कर्ष काढू नये.

आता स्थलांतराकडे वळतो, कारण बीडच्या ऊसतोड कामगारांवर काम करणारे अनेक जण इथे बसले आहेत. पोर्टलवर ‘मायग्रेशन’ हा शब्द टाकला की 2007-08 ची 64 वी फेरी लगेच वर येते, कारण तिच्या शीर्षकातच तो शब्द आहे. 1999-2000 च्या 55 व्या फेरीतही स्थलांतराचे प्रश्न विचारले होते, पण ते रोजगार-बेरोजगारीच्या अनुसूचीच्या, म्हणजे प्रश्नावलीच्या, पोटात आहेत. केवळ शीर्षकं वाचणाऱ्याच्या हातून ही फेरी निसटते. यासाठी पोर्टलमध्ये व्हेरिएबल शोधण्याची सोय असते. अभ्यासाच्या नावाऐवजी त्यातल्या एकेका प्रश्नाचा, एकेका रकान्याचा शोध तिथे घेता येतो. आपल्याकडे ती सोय वापरणारे फार थोडे भेटतात.

आणि प्रश्न सापडला तरी तिथे थांबू नये, अनुसूची उघडून तो प्रश्न नेमका कसा विचारला ते वाचावं. 64 व्या फेरीत हंगामी स्थलांतरित कोण? गेल्या 365 दिवसांत कामासाठी किंवा कामाच्या शोधात एक महिना किंवा अधिक, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ गावाबाहेर राहिलेला. आता आपली ऊसतोड टोळी डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाबरोबर निघालेलं जोडपं हंगाम लांबला की सहा महिन्यांच्या त्या रेषेवरच येऊन उभं राहतं. कारखान्याचा पट्टा दोन आठवडे उशिरा पडला, म्हणजे गाळप उशिरा संपलं, एवढ्यावरून एखादं कुटुंब या व्याख्येत बसेल किंवा बसणार नाही. अनुसूची न वाचता आकडा उचलणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून माझा आग्रह असा : सुरुवातीला सगळे फिल्टर काढून टाकावेत आणि संग्रह नुसता चाळावा. कोणत्या वर्षी काय विचारलं गेलं, कोणत्या विषयाला कोणत्या मथळ्याखाली घातलं आहे, याचा अंदाज येऊ द्यावा. मग वर्ष, मग प्रदेश, मग विषय असं एकेक आवळत जावं. सुरुवातीलाच चार फिल्टर लावून बसणारा स्वतःच्या गृहीतकांचंच प्रतिबिंब पाहतो. निकाल लोकप्रियतेनुसार लावून पहिली दहा नावं घेण्याची सवय तर आपण मोडलीच पाहिजे. त्या सवयीने सर्वांनी वापरलेला डेटा आणखी वापरला जातो आणि उरलेला धूळ खात पडतो.

हे झालं शोधणाऱ्याचं. पण सापडेल असं ठेवणाऱ्याचं काय?

सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली दोन गावं, आणि तेव्हाच्या आंध्रातली दोन, अशा सहा गावांत हैदराबादच्या इक्रिसॅटने 1975 पासून घराघरांची नोंद ठेवली. पीक, मजुरी, कर्ज, खर्च, सगळं. त्या कामाचं चोख वर्णन लिहिलं गेलं आणि डेटा इतरांना वापरता आला. रॉबर्ट टाउनसेंड या अर्थशास्त्रज्ञाने 1994 साली याच नोंदींवरून दाखवलं, की एखाद्या घराचं उत्पन्न बुडालं तरी त्याचा खर्च त्या प्रमाणात कोसळत नाही. तो बराचसा गावाच्या सरासरी खर्चाबरोबर चढतो-उतरतो. जोखीम आणि विमा यांचा विचार करणारे जगभरचे अभ्यासक आज शिरापूर हे नाव ओळखतात. मोहोळ तालुक्यातल्या एका गावाला हे भाग्य मिळालं ते तिथे कोणीतरी काळजीपूर्वक नोंद केली आणि ती कशी केली हेही लिहून ठेवलं म्हणून.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी 1917 साली प्रसिद्ध केली. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. दांडेकर आणि रथ यांनी 1971 मध्ये नमुना सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून देशातल्या दारिद्र्याची चर्चा नव्याने उभी केली. त्यांचा वारसा सांगणारे आपण, आपल्या विद्यार्थ्यांनी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचं काय करतो? पदवी मिळाली की ते गठ्ठे कपाटात जातात आणि विभागाची जागा बदलली की रद्दीत. प्रबंध शोधगंगा या प्रबंधसंग्रहावर चढतो, तिथे विद्यापीठ, विभाग असं करत तो चाळताही येतो. पण जो मराठी प्रबंध युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केला आहे किंवा नुसता स्कॅन करून चढवला आहे, त्याच्या आतला एकही शब्द शोधात येत नाही. मेळघाटावर, कातकऱ्यांवर, विडी कामगार बायकांवर मराठीत झालेलं काम असं डोळ्यांदेखत अदृश्य होतं. याचं मला मनापासून दुःख आहे.

आणि परक्या पोर्टलांवर सगळी भिस्त ठेवता येणार नाही. 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेने परदेशी मदत तोडली आणि त्या पैशावर चालणारा डीएचएस हा आरोग्य सर्वेक्षणांचा कार्यक्रम थांबला. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा घरपातळीवरचा डेटा आपले विद्यार्थी तिथूनच घेत. नव्याने नोंदणी करू पाहणाऱ्यांना दार बंद दिसलं.

काही मित्र म्हणतील, आमच्या मुलाखतींत लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आहेत, त्या उघड्यावर कशा टाकायच्या? टाकूच नयेत. लहान पाड्यावर नाव झाकलं तरी माणूस ओळखू येतो. पण डेटा बंद ठेवूनही त्याचं वर्णन खुलं ठेवता येतं. कुठे, कधी, किती घरांत, कोणते प्रश्न विचारले आणि डेटा हवा असल्यास कोणाकडे अर्ज करायचा, एवढं सांगितल्याने कोणाच्याही विश्वासाला तडा जात नाही.

कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. पुढच्या अधिवेशनापासून क्षेत्रपाहणीवर आधारलेल्या प्रत्येक निबंधासोबत एक पानी अभ्यासवर्णन मागावं, मराठीत आणि इंग्रजीत, युनिकोडमध्ये. गावाचं नाव दोन्ही लिप्यांत, पाहणीच्या वेळचा तालुका-जिल्हा आणि आजचा, नमुना कसा निवडला ते, आणि कोरी प्रश्नावली जोडलेली. ग्रंथपाल मित्रांनी या वर्णनांची सूची सांभाळावी. हे काम त्यांच्याइतकं चांगलं आपल्यापैकी कोणालाही येत नाही, त्यामुळे मसुदा ठरवतानाच त्यांना सोबत घ्यावं. अशा वर्णनाचा एक कच्चा नमुना मी आणला आहे. दुपारच्या सत्रात तो सर्वांना वाटला जाईल. आपापल्या शेवटच्या पाहणीची माहिती तिथेच त्यात भरून पाहावी आणि जो रकाना भरता येणार नाही, त्यावर चर्चा करावी, अशी विनंती करतो.