"तो कागद खरा आहे का?"

(स्थानिक स्वराज्य संस्थांमधील महिला सदस्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

सकाळच्या गटचर्चेत एक सरपंच ताई म्हणाल्या, "देशाच्या सुरक्षेचे कायदे दिल्लीत होतात. आमच्या हातात गटार आणि नळ. आम्ही त्यात काय करणार?" प्रश्न रास्त आहे. मला त्याचं उत्तर परक्या देशात, फोनच्या टेबलावर मिळालं. तेच आज सांगते.

२००२-०३ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे मी अमेरिकेत होते. मला स्वतःला तिथे नोकरीची परवानगी नव्हती. म्हणून दक्षिण आशियाई बायकांसाठीच्या एका हेल्पलाइनवर आठवड्यातून दोन दिवस फोन घ्यायला जायची. हिंदी येतं, एवढंच भांडवल.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात सुमारे तीन हजार माणसं मारली गेली होती. लोकांची भीती खोटी नव्हती. पण त्याच भीतीच्या लाटेवर अवघ्या दीड महिन्यात, २६ ऑक्टोबरला, 'पेट्रिअट ॲक्ट' आला. सिनेटमध्ये विरोधात फक्त एक मत पडलं. झडती आधी घ्यायची आणि घरमालकाला नंतर कळवायचं. वाचनालयातून कोणी कोणती पुस्तकं नेली ते मागवायचं आणि ग्रंथपालाने त्याबद्दल तोंड उघडायचं नाही, अशी त्यात कलमं होती. पुढच्या वर्षी आणखी एक फर्मान निघालं. २५ देशांतून आलेल्या, सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी कचेरीत हजर होऊन नोंदणी करायची. एक सोडून बाकी सगळे देश मुस्लिमबहुल. ८० हजारांवर पुरुषांनी नोंदणी केली आणि त्यांतल्या १३ हजारांवर जणांना देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. यादीत भारत नव्हता. पाकिस्तान आणि बांगलादेश होते.

त्या दिवसांत एका बांगलादेशी बाईचा फोन आला. नवरा मारत होता. शिकवल्याप्रमाणे मी विचारलं, "पोलिसांना बोलावू का?" ती घाबरून ओरडलीच, "नको! ते कागद बघतील. आधी त्याला नेतील, मग मला आणि मुलांना." आणि नवरा तिला काय ऐकवत होता? "कर फोन पोलिसांना. उद्या तूच विमानात बसशील." देशाच्या सुरक्षेसाठी केलेल्या उपायांनी त्या घरात मारणाऱ्याच्या हाती आणखी एक काठी दिली होती.

त्याच काळात तिथली गावं आणि शहरं बोलू लागली. जानेवारी २००२ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या नगर परिषदेने नागरी हक्कांच्या बाजूने ठराव केला. मार्चमध्ये डेन्व्हरने, मे महिन्यात मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनने. नॉर्थॅम्प्टनमध्ये तर साध्या रहिवाशांनीच समिती स्थापून हे काम अंगावर घेतलं होतं. ज्या न्यूयॉर्कवर हल्ला झाला, त्या न्यूयॉर्कनेही फेब्रुवारी २००४ मध्ये ठराव केला. काही वर्षांत अशा गावा-शहरांची संख्या चारशेच्या वर गेली आणि आठ राज्यांच्या विधिमंडळांनीही साथ दिली.

आता कोणी म्हणेल, नगर परिषदेने केंद्राचा कायदा मोडायचा की काय? नाही. तेवढी ताकद तिला नसतेच. कोर्टाचं वॉरंट आलं तर ते पाळावं लागतं. पण "जरा मदत करा" अशी तोंडी विनंती आली तर नाही म्हणता येतं. ठराव या फरकावर उभे होते. आमचे पोलीस परदेशी माणसांचे कागद तपासणार नाहीत. कायदेशीर काम करणाऱ्या संघटनांवर निव्वळ धर्म किंवा मत बघून पाळत ठेवणार नाहीत. आमच्या गावातून कोणाला धरून नेलं, याची माहिती आम्ही मागणार. कॅलिफोर्नियातलं अर्काटा हे जेमतेम १६ हजार वस्तीचं गाव. त्याने २००३ मध्ये ठरावावर न थांबता नियमच केला: गावच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने या कायद्याखाली आपणहून सहकार्य केलं तर ५७ डॉलर दंड! रक्कम किरकोळ, पण अधिकाऱ्याला विचार करायला लावणारी.

ठरावाने सगळं साधतं असं मात्र समजू नका. डेन्व्हरने ठराव केला त्याच महिन्यात उघड झालं की तिथले पोलीस शांततेने काम करणाऱ्या संघटनांच्या गुप्त फायली ठेवत होते. दिल्लीकडे बोट दाखवण्याआधी आपल्याच कचेरीतली कपाटं उघडून बघावी लागतात, हा त्यातला धडा. शिवाय वाचनालयांच्या नोंदींचं ते कलम संपायला २०२० साल उजाडलं, आणि तेही एकट्या ठरावांमुळे नव्हे.

आता आपल्याकडे या. आपण टाडा पाहिला, पोटा पाहिला, यूएपीए आजही आहे. आपल्या ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे पोलीस नाहीत, ते राज्याचे. पण रहिवासी दाखला कोण देतं? जन्ममृत्यूची नोंद आणि घरपट्टीचं रजिस्टर कोणाकडे असतं? मोर्च्याआधीच्या बैठकीला समाजमंदिर कोण देतं, कोण नाकारतं? घर पाडायच्या नोटिशीवर सही कोणाची असते? निव्वळ आरोपी आहे म्हणून कोणाचं घर पाडता येणार नाही, आणि बांधकाम पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस हवी, असं सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावावं लागलं. कारण बुलडोझर बहुतेक वेळा आपल्याच पालिकांचे होते. दुसरीकडे, नगर जिल्ह्यातल्या इसळकच्या गावकऱ्यांनी जानेवारी २०२० मध्ये ग्रामसभेत नागरिकत्व नोंदणीला असहकाराचा ठराव केला. दोन्ही स्थानिक स्वराज्यच. राबवणारे हात आपलेच असतात.

म्हणून सरपंच ताईंना माझं सांगणं: कोणी यादी मागितली, दाखला अडवायला सांगितला, सभा बंद करायला सांगितली, तर तीन प्रश्न विचारा. कोण मागतंय? कोणत्या कलमाखाली? लेखी आहे का? आणि जे घडेल ते इतिवृत्तात लिहून ठेवा.

त्या बाईचं काय झालं ते सांगून थांबते. आम्ही राहत होतो त्या शहरातही ठराव झाला. "पोलीस तुमचे कागद विचारणार नाहीत," एवढी एक ओळ आम्ही बंगाली आणि उर्दूत लिहून किराणा दुकानांत चिकटवली. काही आठवड्यांनी तिचा पुन्हा फोन आला. म्हणाली, "दुकानातला तो कागद खरा आहे का?"

मला लगेच हो म्हणता येईना. मी आधी पोलीस ठाण्यात गेले, अधिकाऱ्याला समोर बसून विचारलं आणि मग तिला सांगितलं, "खरा आहे." त्या संध्याकाळी तिने स्वतः फोन केला.

मैत्रिणींनो, आपल्या गावात असा कागद लागला, तर तो खरा ठरवायचं काम तुमचं.