खिडकीजवळची खुर्ची
(मंडळाच्या सभेतील भाषण)



आई गेली तेव्हा तेराव्यासाठी तिचा फोटो शोधायला बसलो. फोनमध्ये शेकडो फोटो, पण तिचा एकटीचा नीट असा एकही नाही. शेवटी लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून घेतला. तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात अजून दिसतो. ‘एकदा स्टुडिओत जाऊ’ म्हणत मीच दिवस घालवले होते.

सहाव्या निजामांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचा स्टुडिओ आपल्या सिकंदराबादेतच होता. १८९२ मध्ये त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढायला बाईच नेमली होती. त्या काळचे स्टुडिओ मुख्यतः दिवसाच्या उजेडावर चालत. तो उजेड आपल्या घरात फुकट येतो.

थेट ऊन नसलेली मोठी खिडकी निवडा. ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढा. उजेड जितक्या मोठ्या जागेतून येतो, तितक्या सावल्या मऊ पडतात. खुर्ची खिडकीपासून तीन-चार फुटांवर, जरा तिरकी ठेवा. चेहऱ्याची दुसरी बाजू काळवंडते. तिकडे पांढरा चार्ट पेपर किंवा धुतलेली चादर धरा. घरातले दिवे आणि फोनचा फ्लॅश बंद करा, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा दिसतो.

रात्रीच काढायचा असेल तर एक पांढरा एलईडी बल्ब पांढऱ्या भिंतीकडे वळवा आणि परतणारा उजेड चेहऱ्यावर घ्या. बल्ब, होल्डर, कागद मिळून खर्च तीनशेच्या आसपास.

फोन डोळ्यांच्या उंचीवर, पाच-सहा फुटांवर धरा. फार जवळून नाक मोठं दिसतं. चष्म्यात खिडकी चमकली तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा.

‘आता या वयात माझा फोटो कशाला?’ असं त्या म्हणतीलच. वाद घालू नका. हैदराबादेत पहिलं घर कुठे होतं, एवढंच विचारा. त्या बोलू लागल्या की बटण दाबा.

यंदा गौरीच्या जेवणाला सगळे जमतील, आजी काठाची साडी नेसलेली असेल. पानं उचलली की दहा मिनिटं तिला खिडकीशी बसवा. आणि फोटो छापून घ्या, फोनमध्येच ठेवू नका.