ऑइल जाड की पातळ?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



गळिताचा हंगाम सुरू झाला की पाथरी, मानवत, गंगाखेडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रकांची रांग लागते. ऐन हंगामात ट्रक बंद पडला तर मालकाचं गणित कोलमडतं. हप्ता चुकतो, ड्रायव्हरचा पगार मात्र चुकत नाही. म्हणून आज मी एका साध्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. इंजिनात ऑइल जाड टाकावं की पातळ?

पंचवीस वर्षं मी डिझेल इंजिनं उघडतो आणि जोडतो आहे. मागे एक ट्रकमालक आले. टर्बोची गाडी, वर ओढ वाढावी म्हणून डिझेल पंप वाढवून घेतलेला. गाडी उभी असताना ऑइल प्रेशरचा काटा खाली यायचा. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी १५डब्ल्यू-४० काढून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरलं होतं. मला म्हणाले, "मिस्तरी, काटा वर आला की! गाडी बरी झाली." मी म्हणालो, "मालक, एकदा चेंबर खोलून बघू." ते हसून निघून गेले. दोन महिन्यांनी टर्बोची शिट्टी आणि निळा धूर घेऊन परत आले. इंजिन खोललं, तर बेअरिंग घासून गेलेले. एक इंजेक्टर गळत होता. न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळत होतं आणि ऑइल पातळ होत होतं. जाड ऑइलनं तो आजार बरा केला नाही, झाकून ठेवला. इंजेक्टरच्या दुरुस्तीवर भागलं असतं, तिथं अख्खं इंजिन बांधावं लागलं आणि हंगाम हातचा गेला.

आता डब्यावरच्या आकड्यांकडे वळू. गुऱ्हाळावर काकवी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कढईत गरम असताना ती पाण्यासारखी धावते, थंड झाली की चमच्यावरून उतरत नाही. ऑइलचंही तसंच. या जाड-पातळपणाला शास्त्रात श्यानता म्हणतात. १५डब्ल्यू-४० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. पुष्कळांना तो वजनाचा वाटतो, तसं नाही. पहिला आकडा थंडीतलं वागणं सांगतो, जितका लहान तितकं ऑइल थंडीत लवकर धावतं. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. ४० ग्रेडचं ऑइल त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असावं लागतं. साधं पाणी २० अंशांला सुमारे १ सेंटिस्टोक असतं, यावरून अंदाज यावा.

गंमत पुढे आहे. हेच ऑइल ४० अंशांला जवळजवळ सातपट जाड असतं. म्हणजे मे महिन्यात भर दुपारी उभ्या ट्रकच्या चेंबरमधलं ऑइलसुद्धा चालत्या इंजिनातल्या ऑइलपेक्षा कितीतरी जाड असतं. जानेवारीच्या पहाटे तर विचारूच नका. ते पंपातून वर चढून टर्बोपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर उशिरा पोहोचला की झीज तिथंच सुरू होते. जाड ऑइल हा उशीर आणखी वाढवतं.

"पण आपल्याकडं गरमी लई," असं म्हणणारे भेटतात. बाहेर ४३ अंश असोत की १०, इंजिन नीट असेल तर थर्मोस्टॅट आतलं पाणी ८०-९० अंशांच्या आसपासच राखतो. ऑइलला काम करायचं असतं ते त्या आतल्या उष्णतेत. गाडी तापत असेल तर रेडिएटर, फॅनचा पट्टा, वॉटर पंप बघा. काही पुस्तिकांमध्ये बाहेरच्या तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असतो, तेव्हा त्यातूनच निवड करावी. काटा वर आला म्हणजे ऑइल सगळीकडे पोहोचलं असंही समजू नये. नळी तुंबली तरी दाब वाढतोच.

उलट बाजूही आहे. २०१६ साली एपीआय एफए-४ नावाचा पातळ ऑइलचा वर्ग आला. त्यानं डिझेल थोडं वाचतं, पण ते ठरावीक नव्या इंजिनांसाठीच आहे. जुन्या ट्रकमध्ये त्याचा थर फार पातळ पडतो आणि लोखंडाला लोखंड लागण्याचा धोका वाढतो.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ ट्रकवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ऑइल जळून उरणारी राख त्यात साठते. म्हणून सीके-४ सारख्या ऑइलमध्ये राखेचं प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवलेलं असतं. दोन डब्यांवर १५डब्ल्यू-४० सारखंच लिहिलेलं असलं, तरी एकावर सीआय-४ आणि दुसऱ्यावर सीके-४ असेल, तर ती दोन वेगळी ऑइलं आहेत.

मग करावं काय? गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढा. त्यातली ग्रेड आणि वर्ग कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा. बोटावर चोळून ऑइलचा कस कळत नाही. काळं झालं म्हणजे बिघडलं असंही नाही, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली तर सावध व्हा, डिझेल किंवा पाणी आत शिरतंय. सुरू केल्यावर अर्धा मिनिट रेस देऊ नका. लांबून भरून आल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन हळू चालू ठेवून मग बंद करा, म्हणजे टर्बो निवतो.

ते ट्रकमालक आजही माझ्याकडे येतात. काटा खाली आला की आता आधी विचारतात, "मिस्तरी, का आला असंल?" श्रोतेहो, तुम्हीही ऑइल बदलण्याआधी हा प्रश्न विचारा.