घरातले शेवटचे पान



वर्धापनदिनाच्या निमित्ताने गृहिणींच्या आरोग्यावर मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची सूचना आली. मी काही डॉक्टर नव्हे. परंतु स्वयंपाकघर हा आपणा सर्वांच्या माहितीचा प्रांत आहे, आणि मला जे सांगावयाचे आहे ते तेथलेच आहे.

आपल्याकडे घरातले शेवटचे पान गृहिणीचे असते. मुले जेवली, पुरुषमंडळी जेवली, आला-गेला जेवला, म्हणजे मग ती बसते. तोवर उसळ तळाशी गेलेली असते आणि कोशिंबीर संपलेली असते. सकाळचा भात, एखादी पोळी आणि लोणच्याची फोड एवढ्यावर ती भागवते. कोणी विचारलेच, तर "मला चालतं हो," हे तिचे उत्तर ठरलेले. आणि मग ओटा आवरता आवरता कपभर चहा!

याचा हिशेब कोठेतरी निघतोच. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शंभरातील ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण शंभरात २५ होते. आपल्या महाराष्ट्रातील स्त्रियांचा आकडा ५४ होता. म्हणजे या सभागृहात एका आड एक बाई मोजली, तरी तो पुरा होणार नाही.

रक्तक्षय झालेल्या बाईला जिना चढताना धाप लागते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि कशात लक्ष लागत नाही. घरची माणसे म्हणतात, "हल्ली हिचा स्वभावच चिडका झालाय." तिच्या रक्ताची तपासणी करावी, हे मात्र कोणाला सुचत नाही. आणि अशा बाईवर बाळंतपणाचा प्रसंग आला व रक्तस्राव झाला, तर तो तिच्या जिवावर बेतू शकतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली आहाराचे जे प्रमाण ठरविले, त्यात पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम आणि पाळी येणाऱ्या स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे. ज्या पानात लोह अधिक हवे, तेच पान आपण शेवटी वाढतो!

यावर उपाय खर्चाचे नाहीत. मोड आलेली मटकी, हरभरे, बाजरीची भाकरी, पालेभाजी, अळिवाचा लाडू, आणि ज्यांच्याकडे चालते त्यांनी मासे-मटण खावे. जेवताना लिंबाची फोड पिळावी, किंवा आवळा, पेरू खावा. त्यातील क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाज्यांतील लोह अंगी लागते. उलट चहाने ते पुरेसे अंगी लागत नाही. म्हणून चहा आणि जेवण यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे. माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई खाली काढावी; तीत केलेल्या भाजीत थोडे लोह उतरते.

परंतु आधी तपासणी करून घ्यावी. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले, तर तो रक्तक्षय समजतात. त्याचे कारण प्रत्येक वेळी लोहाची कमतरता हेच असते असे नाही. बी-१२ या जीवनसत्त्वाच्या अभावानेही रक्त कमी होते, आणि पाळीत फार रक्त जात असेल तर त्याचाच इलाज आधी करावा लागतो. म्हणून गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. लोहाच्या गोळीने शौचास काळी होते. तेवढ्याने घाबरून गोळी बंद करू नये.

आता खरी अडचण. "सगळ्यांना गरम पोळी हवी असते, मग आम्ही पंक्तीला बसावे कसे?" असे आपण म्हणाल. पोळ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या, तर त्या मऊ राहतात, आणि वाढून घेण्याचे काम मोठ्या माणसांना व मुलांनाही जमते. तेही होत नसेल, तर उसळीचे पातेले पानांपाशी नेण्यापूर्वी आपली वाटी भरून बाजूला ठेवावी. यात स्वार्थ नाही. सासूबाई येथे बसल्या आहेत, त्यांना माझी विनंती आहे, की आज रात्री पाने घेताना सुनेला आपणच हाक मारावी. सुनेच्या तोंडून जे निघणार नाही, ते आपल्या एका हाकेने होईल.

आपल्या मुली हे सारे पाहत असतात. आई शेवटी आणि उरलेले जेवते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. आई सर्वांबरोबर बसून पोटभर जेवते, हेही त्या तशाच शिकतील.