सात मोजा, चार मोजा, समेवर भेटा

माझ्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार. एल्लरिगू नमस्कार!

सीमेवरच्या या मैंदर्गीत दोन्ही भाषांत नमस्कार केल्याशिवाय बोलणं सुरू होऊ नये, असं मला वाटतं. तुमच्यातल्या अनेकांच्या घरी कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात समोरचा जी बोलेल ती. आज मी वाद्यवृंदांबद्दल बोलणार आहे, पण माझ्या मनात तुमची ही दोन भाषांची सवयच आहे.

आधी एक काम करू. डावीकडच्यांनी दर चार मात्रांना एक टाळी द्यायची, उजवीकडच्यांनी दर सात मात्रांना एक. मोजायचा वेग दोघांचा सारखाच. पहिली टाळी सगळ्यांची एकत्र पडेल आणि लगेच दोन्ही बाजू वेगळ्या होतील. थोडा वेळ गोंधळ वाटेल. मोजणं सोडू नका. चार आणि सातचा लसावि किती? अठ्ठावीस. अठ्ठावीस मात्रा पुऱ्या झाल्या की पुढच्या मात्रेवर दोन्ही टाळ्या पुन्हा एकत्र पडतील. करून बघा! शाब्बास. तो एकत्र आलेला आवाज ऐकलात ना? तुम्ही सगळे एकदम हसलात. त्या हसण्यासाठी जगभरातले वादक वर्षानुवर्षं मेहनत घेतात.

मोठ्या शहरांत हल्ली ज्या संगीताला ‘मॅथ रॉक’ म्हणतात, त्याचं कामकाज बरंचसं असंच चालतं. गिटार सातच्या आवर्तनात फिरते, ड्रम चारच्या, आणि ऐकणारा त्यांच्या भेटीची वाट बघतो. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरातल्या स्लिंट या बँडचा ‘स्पायडरलँड’ हा अल्बम १९९१ मध्ये आला. या वाटेवरचा तो महत्त्वाचा टप्पा मानतात. जपानचा ‘टो’ हा बँड २००० पासून हेच गणित इतक्या हळुवारपणे वाजवतो, की मोजणी चाललीय हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. यातले बरेच बँड स्वतंत्र आहेत. मोठ्या कंपनीचा पैसा नाही, सिनेमाचं गाणं नाही. चार मित्र, एक खोली आणि भरपूर सराव.

पण विषम मात्रांच्या या वेडाचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो, आणि तो तुम्हाला माहीत असायला हवा. जॉन मॅकलॉफ्लिन हे इंग्लंडचे गिटारवादक. १९७१ मध्ये त्यांनी महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा विजेच्या गिटारीचा, कानठळ्या बसवणारा, अवघड मात्रांचा बँड काढला. त्याला अफाट नाव मिळालं. त्या नावाच्या बळावर तेच ते वाजवत राहणं सोपं होतं. पण ते वीणा शिकायला बसले. मग १९७५ च्या सुमाराला विजेची गिटार बाजूला ठेवून ते मंचावर मांडी घालून बसले. शेजारी माहीमचे झाकीर हुसेन तबल्यावर, एल. शंकर व्हायोलिनवर, विक्कू विनायकराम घटमवर. बँडचं नाव ‘शक्ती’.

या बँडचा आवाज कसा घडला ते बारकाईने बघा. मॅकलॉफ्लिन यांच्यासाठी खास गिटार बनवून घेतली होती. नेहमीच्या सहा तारा, आणि त्यांना आडव्या तरफेच्या सात तारा, सतारीला असतात तशा. पडद्यांमधलं लाकूड खोल कोरलेलं, म्हणजे तार दाबून मींड काढता यावी. आपल्या बोटांना जे जमतं तेवढंच वाजवू, असं ते म्हणाले नाहीत. शेजारी बसलेल्याचा स्वर काढता यावा म्हणून त्यांनी आपलं वाद्यच बदलून घेतलं.

तालाचा प्रश्न त्याहून मोठा होता. आपल्याकडे तबलजी ठेका धरतो आणि त्या ठेक्यातून ताल ऐकू येतो. दक्षिणेकडे ताल हातावर मोजला जातो आणि मृदंग, घटम गाण्याच्या वळणाबरोबर चालतात. सात मात्रा दोघांकडेही आहेत. आपला रूपक तीन-दोन-दोन असा चालतो आणि त्याच्या समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली असते, टाळी नसते. त्यांचा मिश्र चापू तीन-चार असा. बेरीज एकच, पण चाल वेगळी. एका मंचावर हे दोघे बसले तेव्हा प्रत्येकाला दुसऱ्याची मोजणी अंगात मुरवावी लागली.

मग त्या बँडचं वाजवणंही बदलत गेलं. पहिला अल्बम ५ जुलै १९७५ च्या मैफलीचा, आणि त्यातली एक रचना जवळजवळ अर्ध्या तासाची. १९७७ च्या ‘नॅचरल एलिमेंट्स’मध्ये छोट्या, बांधीव रचना आल्या. पुढे बँड थांबला. वीस वर्षांनी, १९९७ मध्ये, ‘रिमेंबर शक्ती’ म्हणून तो पुन्हा उभा राहिला. पहिल्यांदा हरिप्रसाद चौरसियांची बासरी होती, नंतर यू. श्रीनिवास यांचं मँडोलिन आलं, विक्कूजींच्या जागी त्यांचे चिरंजीव सेल्वगणेश आले, विजेची गिटार परतली आणि चेंबूरमध्ये वाढलेले शंकर महादेवन गाऊ लागले. स्टुडिओतला पुढचा अल्बम, ‘धिस मोमेंट’, थेट २०२३ मध्ये आला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. त्यांचं वाजवणं ज्यांनी समोर बसून ऐकलं, त्यांच्या मनातली ती जागा भरणारी नाही.

अजून एक वादक सांगतो, कारण त्यांचं नातं तुमच्यासारख्याच सीमेवरच्या गावाशी आहे. ठुमरीच्या थोर गायिका शोभा गुर्टू बेळगावच्या. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू मुंबईत तबला शिकले आणि मग ड्रमकडे वळले. ते ड्रम वाजवतात तेव्हा उंच स्टुलावर बसत नाहीत, गुडघ्यावर असतात. शेजारी पाण्याची बादली. झांज वाजवून ती पाण्यात बुडवली की तिचा स्वर वाकतो. १९८८ च्या ‘उस्फ्रेत’ या अल्बममध्ये त्यांनी आईला गायला बोलावलं. जगभरच्या वादकांबरोबर वाजवणाऱ्या मुलाला आईची गायकी जुनी वाटली नाही. तिच्याभोवती त्याने नवा ताल बांधला.

मुलांनो, मला सांगायचंय ते एवढंच. दोन संगीतं शेजारी ठेवली म्हणून नवं संगीत होत नाही. गिटारमागे तबला लावून दिला की झालं, असं समजणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची गाणी वर्षभरात विसरली जातात. नवा आवाज तेव्हा जन्मतो, जेव्हा माणूस दुसऱ्याची मोजणी शिकतो आणि आपली विसरत नाही. शिकताना आपली सम सुटली, तर भेटणार कुठे?

हे आपल्या भागाला नवं नाही. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ किराणा घराण्याचे मोठे गायक, पण त्यांनी कर्नाटक संगीताची सरगम मन लावून अभ्यासली आणि आपल्या गाण्यात आणली. गदग-धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी महाराष्ट्राने आपले मानले. हा सगळा पट्टा दोन कानांनी ऐकणारा आहे. आणि तुम्ही त्याच पट्ट्यात जन्मलात. कन्नडमध्ये विचार करून मराठीत उत्तर लिहिताना कधी अडखळत असाल, कोणी हसतही असेल. त्याने कमीपणा वाटून घेऊ नका. एका मोजणीतून दुसरीत जाण्याचा सराव तुम्ही रोज करता. मुंबई-पुण्याच्या मुलांना तो पैसे भरून शिकावा लागतो.

जाता जाता एक तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा बोल, गृहपाठाला देतो. तीनतालाच्या समेपासून सुरू करा. पाच मात्रांचा बोल, एक मात्रा थांबा, पुन्हा पाच, एक थांबा, पुन्हा पाच. सतरा होतात, आणि सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. मग पाचऐवजी दुसरा आकडा घेऊन, थांबा कमीजास्त करून स्वतःची तिहाई बनवा. गणिताच्या आणि संगीताच्या सरांना ती एकत्र तपासू द्या.

आणि मुख्याध्यापकांना एक विनंती. आठवड्यातून एक तास या मुलांना द्या. गावात हलगी आहे, भजनाचा मृदंग आहे, पेटी आहे, एखादी गिटारही मिळेल. मुलांनी कन्नड वचन आणि मराठी अभंग एकाच मंचावर, सातात आणि चारात बसवावेत. पुढच्या संमेलनात मैंदर्गीचा स्वतःचा बँड या मंचावर वाजायला हवा. मला पाहुणा म्हणून बोलावू नका, पहिल्या रांगेतला श्रोता म्हणून बोलवा.