नोंद ग्राहकाच्याच नावावर हवी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथून आलेल्या, वेबसाइट करून देणाऱ्या माझ्या व्यवसायबंधू-भगिनींनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. या मानाचा थोडा गैरफायदा घेऊन आज घरचंच उणंदुणं काढणार आहे. राग मानू नका.

उल्हासनगरात पत्ता सांगताना आजही कॅम्प आणि बॅरेक नंबर येतो. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, १९४९ साली छावणीचं उल्हासनगर झालं. राहतं कोण हे सगळ्यांना दिसत होतं. कागद कोणाच्या नावावर, याचा घोर मात्र सुटला नाही. मालकीच्या सनदेसाठी लोकांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. त्याच शहरात वेबसाइटच्या नावाच्या, म्हणजे डोमेनच्या बाबतीत तोच घोळ आपण नव्याने घालतो आहोत.

कॅम्प पाचमधला जीन्सचा व्यापारी वेबसाइट करून मागतो. आपण घाईघाईत डोमेन आपल्याच खात्यातून, आपल्याच ईमेलवर घेतो. पैसे त्याने भरले, म्हणून नाव स्वतःचं असं तो समजतो. नोंदीत मालक आपण! उद्या आपण धंदा बदलला, तर मुदत संपत आल्याची सूचना त्याला मिळणारच नाही. डॉट कॉमची मुदत टळली की नाव नोंदवून देणारा रजिस्ट्रार देईल तेवढीच सवलत. पुढे तीस दिवस दंड भरून नाव सोडवता येतं, आणखी पाच दिवसांनी ते कोणीही उचलावं.

डॉट इनच्या नोंदी निक्सी ही संस्था सांभाळते. कुठलंही नाव तिथे तपासा: रजिस्ट्रार, नोंदणीची तारीख, मुदत, नेमसर्व्हर दिसतात. ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ असेल तर नाव हलवण्याला कुलूप आहे. मालकाचं राज्य, देशही दिसतो. माणसाचं नाव, फोन, ईमेल यांच्या जागी मात्र ‘रिडॅक्टेड फॉर प्रायव्हसी’.

हा पडदा पूर्वी नव्हता. १९८२ मध्ये हूइजची, म्हणजे नोंद कोणाची ते विचारण्याची पद्धत लेखी ठरली, तेव्हा नेटवर्कवर मोजकीच माणसं होती. पत्ता उघडा ठेवण्यात कोणाला गैर वाटलं नाही. पुढे डोमेन घेतल्या घेतल्या ‘वेबसाइट करून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन सुरू झाले, ते तुम्हाला ठाऊकच आहे. २०१८ मध्ये युरोपचा खासगी माहिती जपणारा जीडीपीआर कायदा लागू झाला आणि नोंदींवर पडदा आला. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी हूइजची सक्ती संपून त्याच्या जागी आरडॅप ही नवी पद्धत आली.

आयपी पत्त्यांचीही अशीच नोंद असते. भारतात ती निक्सीच्याच आयरिन या विभागाकडे. बदलापुरातल्या एखाद्या पत्त्यावरून उपद्रव झाला, तर तिथे इंटरनेट पुरवणाऱ्याचं नाव आणि तक्रारीचा ईमेल सापडतो, ग्राहकाचं घर नाही. हे योग्यच आहे.

पडद्याला माझा विरोध नाही. पण त्याचा एक परिणाम ध्यानात घ्या. पूर्वी व्यापाऱ्याला शंका आली, तर मालक कोण ते तो स्वतः पाहू शकत होता. आता बाहेरून त्याला ते बहुधा कळत नाही. खात्यात शिरेल त्यालाच कळतं, आणि खात्याचा पासवर्ड आपल्याकडे. म्हणून जबाबदारी आपल्यावर आली.

माझं मागणं एवढंच: खातं ग्राहकाच्या नावाने, त्याच्याच ईमेलवर उघडा. त्याने मागितला की नाव हलवायला लागणारा ऑथ कोड विनातक्रार द्या. जुन्या ग्राहकांची नावं या दिवाळीआधी त्यांच्या खात्यांत हलवा. एखादा त्यानंतर सोडून जाईल, जाऊ द्या. कुलूप लावून अडवलेला ग्राहक धरून धंदा वाढत नाही.