जुम्हूर म्हणजे नेमके कोण?

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२६ जानेवारीला मराठी शाळेत 'प्रजासत्ताक दिन' असतो, हिंदी बातम्यांत 'गणतंत्र दिवस' आणि उर्दू शाळेच्या फळ्यावर 'यौम-ए-जम्हूरिया'. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावर हे तिन्ही शब्द एकाच सकाळी पडतात. मला आज तिसऱ्याबद्दल बोलायचे आहे. काही लोक म्हणतात, मुसलमानांच्या परंपरेत राजाशिवायच्या राज्याला शब्दच नाही. आपल्यातलेच काही म्हणतात, हे सगळे युरोपचे खूळ आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? शब्दाचा इतिहास पाहिला की दोघांचीही पंचाईत होते.

मूळ अरबी शब्द 'जुम्हूर'. जुन्या अरबी कोशांत त्याचा एक अर्थ दिला आहे, वाळूचा मोठा ढीग. त्यावरून कुठल्याही गोष्टीचा मोठा भाग, मग लोकांचा समुदाय, बहुसंख्य लोक. (जुम्मा, जमात, जमाव हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द दुसऱ्या धातूपासून आलेत. कानाला जवळचे वाटतात एवढेच.)

राज्याचा प्रकार सांगायला मात्र हा शब्द उशिरा आला. दहाव्या शतकात फाराबीने, जिथे सगळे समान आणि मोकळे आहेत अशा नगराचा विचार केला, पण त्याला नाव दिले 'अल-मदीना अल-जमाइया'. पुढे उस्मानी तुर्कांचा व्हेनिसशी व्यापार होता, लढायाही होत्या. तिथे सुलतान नाही, मग पत्र लिहायचे कोणाला? उस्मानी कागदपत्रांत व्हेनिसच्या राज्याला 'जुम्हूर' म्हटलेले सापडते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्याच शब्दाला शेपूट जोडून तुर्कीत 'जुम्हूरियत' झाला आणि नंतर तो अरबीत 'जुम्हूरिया' म्हणून रुळला. म्हणजे मूळ अरबी, घडण तुर्की, निमित्त युरोपचे. याला उसना शब्द म्हणायचे की घरचा, तुम्हीच ठरवा.

१७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला, तेव्हा त्याने अरबीत जाहीरनामा छापून वाटला. कैरोचा इतिहासकार अल-जबर्ती याने त्यातल्या व्याकरणाच्या चुका एकेक करून दाखवल्या. मला तो माणूस फार आवडतो. दारात तोफा उभ्या आहेत आणि हा म्हणतो, आधी तुमचे वाक्य नीट करा! त्या काळात फ्रान्सच्या राज्याला काही अरबी लेखक 'मशयखा' म्हणत, म्हणजे शेखांचे, वडीलधाऱ्यांचे राज्य. तो शब्द मागे पडला, बहुसंख्यांचा शब्द टिकला.

विसाव्या शतकात तो ध्वजांवर आणि शिक्क्यांवर चढला. मे १९१८ मध्ये तिफ्लिस शहरात अझरबैजानचे प्रजासत्ताक जाहीर झाले. त्याने स्त्रियांना मताचा हक्क दिला, अमेरिकेने देशभर तो दिला १९२० मध्ये. त्याच वर्षी बोल्शेविक फौजांनी हे प्रजासत्ताक बुडवले. १९२३ मध्ये तुर्कस्तान, १९५३ मध्ये इजिप्त. नंतर मात्र नाव ठेवून अर्थ काढून घ्यायचा उद्योग सुरू झाला. गद्दाफीला १९७७ मध्ये 'जुम्हूरिया' अपुरा वाटला, म्हणून त्याने जुम्हूरच्या अनेकवचनावरून 'जमाहिरिया' शब्द बनवला, जनसमूहांचे राज्य. समूह अनेकवचनी, सत्ता एकवचनी! २००० मध्ये सीरियात हाफिज अल-असद वारले आणि मुलगा गादीवर बसावा म्हणून राज्यघटनेतली अध्यक्षाची किमान वयाची अट ४० वरून ३४ वर आणली. त्याच वर्षी इजिप्तचे समाजशास्त्रज्ञ साद एद्दीन इब्राहिम यांनी जुम्हूरिया आणि मलकिया, म्हणजे राजेशाही, हे दोन शब्द जोडून 'जुम्लुकिया' बनवला. थोड्याच दिवसांत इजिप्त सरकारने त्यांना अटक केली.

उर्दूत आणखी एक गंमत झाली. तुर्की 'जुम्हूरियत' म्हणजे प्रजासत्ताक. उर्दू 'जम्हूरियत' म्हणजे लोकशाही, आणि प्रजासत्ताकाला 'जम्हूरिया'. आपले राष्ट्रपती उर्दूत 'सद्र-ए-जम्हूरिया'. एका अक्षराचा फरक, पण प्रश्न दोन आहेत. राज्य कोणाचे, हे जम्हूरिया सांगते. कारभार कसा ठरतो, हे जम्हूरियत. ब्रिटनमध्ये लोकशाही आहे, पण ते प्रजासत्ताक नाही. सीरियाचे नाव प्रजासत्ताक होते, लोकशाही नव्हती.

आणि आपली मराठी? 'प्रजासत्ताक' मध्ये प्रजा आहे, जी एरवी राजाची असते. इथे सत्ताच तिची. उद्देशिकेत शब्द आहे 'लोकशाही गणराज्य'. गण संस्कृत आणि 'शाही' फारसी, निजामशाही-आदिलशाहीतली तीच. शहाची शाही लोकांच्या मागे लावून मराठीने हा शब्द केला, आणि तो बोलताना कोणी त्याचा धर्म विचारत नाही.

आता ज्यासाठी एवढे सांगितले ते. आपल्यापैकी ज्यांनी मदरशात थोडे शिकले असेल, त्यांना 'जुम्हूर' फिकहमधून माहीत असेल. 'जुम्हूर उलमा' म्हणजे बहुसंख्य विद्वान. 'इज्मा' वेगळा, तिथे सगळ्यांचे एकमत लागते. जुम्हूरचे मत म्हणजे एकमत नव्हे, हे तिथे पहिल्याच पायरीवर शिकवतात. 'जुम्हूर असे म्हणतात' लिहिल्यावर 'पण अमुक इमामांचे मत वेगळे' हेही लिहिले जाते. ते मत खोडले जात नाही, ते मांडणाऱ्याला घराबाहेर काढत नाहीत, आणि पुढचा एखादा फकीह त्याच मताकडे परत वळू शकतो.

तुम्हाला शहरात घर भाड्याने मिळत नाही तेव्हा, किंवा सोसायटीच्या बैठकीत 'सगळ्यांचेच असे म्हणणे आहे' असे कोणी ऐकवतो तेव्हा, हा फरक आठवा. तो जुम्हूरला इज्मा म्हणून खपवतो आहे. मोहल्ल्याच्या बैठकीत एखादी मुलगी वारशाबद्दल किंवा तलाकबद्दल वेगळे बोलायला उभी राहते आणि आपण तिला 'कौमचे मत' ऐकवून खाली बसवतो, तेव्हा आपणही तेच करतो. वाळूच्या ढिगातला प्रत्येक कण सुटा असतो.

दुपारच्या गटचर्चेसाठी उद्देशिकेचे मराठी आणि उर्दू पाठ छापून आणले आहेत. शेजारी ठेवून वाचा, आणि जिथे एखादा शब्द दुसरीकडे वेगळा अर्थ घेऊन आला आहे असे वाटेल तिथे खूण करा. तिथून बोलायला सुरुवात करू.